जुळ्या चंडोलांचा खटला

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरलेला माणूस कितीही मोठा असो, त्याला एका प्रश्नाला तोंड द्यावंच लागायचं. उंच खुर्चीवर बसवून त्याच्या नाकावर एक जड गोल चौकट चढवली जायची. चौकटीत एक काच सरकायची, ती निघून दुसरी सरकायची आणि कानाशी एक मऊ, गंभीर आवाज विचारायचा, "हे, की ते?"

गिऱ्हाईक म्हणायचं, "ते."

"घाई नाही. पुन्हा बघा. हे... की ते?"

"मग हे."

"अंदाजाने सांगू नका. फरक दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. अंदाजाने बोलाल, तर अंदाजाचाच चष्मा मिळेल."

एवढं बोलून चष्मेवाले असा काही थांबा घ्यायचे, की गिऱ्हाइकाला वाटावं आता पडदा पडणार. साहजिकच सगळी वस्ती त्यांना 'हे-की-ते' म्हणे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग केव्हाच उडाला होता. बायको तर 'अहो' म्हणायची. त्यामुळे त्या नावाला आता कोणीच वाली नव्हता.

दुकानाच्या वर डोळ्यांचे डॉक्टर बसत. त्यांची बसायची खोली इतकी चिंचोळी, की तिथे दोन पेशंट बसले तर तिसऱ्याला जिन्यावर आजारी पडावं लागे. म्हणून डोळ्यांत औषध घातलेली माणसं डॉक्टर खाली चष्मेवाल्यांकडे पाठवून द्यायचे. ती बाकावर डोळे मिटून ओळीने बसायची. डोळे मिटलेला माणूस लवकर कंटाळतो. तो उसासे टाकतो, किती वाजले विचारतो, आणि शेजारी बसलेल्याच्या वासावरून त्याचा धंदा ओळखायचा प्रयत्न करतो. एकदा यावरून मासळीवाली आणि एक प्राध्यापक यांच्यात हातघाईची वेळ आली, तेव्हा चष्मेवाल्यांनी लोकांना गुंतवून ठेवायला खिशात मावेल असा एक कॅसेट प्लेअर आणला. चंडोल कंपनीचा, निळा. असल्या यंत्राला सगळे सरसकट वॉकमन म्हणतात. पण चंडोलला कोणी तसं म्हटलं की चष्मेवाल्यांचा चेहरा, आपल्याला कंपाउंडर म्हटल्यावर डॉक्टरांचा होतो तसा व्हायचा.

तर तो चंडोल वर्षभर गायला आणि एके दिवशी एका भरदार कंत्राटदाराखाली सापडून वारला. चष्मेवाल्यांनी लगेच दुसरा आणला. तोच निळा रंग, तीच बटणं, खोक्यावरची तीच हसरी मुलगी. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत औषध घालून आलेल्या एका शिंपीणबाईंनी तो हातात घेतला, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "हा तो नव्हे."

"तोच आहे हो बाई. नवा आणलाय एवढंच."

"मला दिसत नाही म्हणून फसवताय? त्याचं बटण आधी कुरकुरायचं आणि मग बसायचं. हे नुसतंच बसतं. मेलं, नवऱ्याइतकं ऐकतंय!"

चष्मेवाल्यांनी खणातून चेपलेला जुना चंडोल काढला. डोळे मिटले. याचं बटण दाबलं, त्याचं दाबलं. आणि खरंच की! एक कुरकुरत होतं, एक नव्हतं. म्हणजे कंपनीने मधल्या मध्ये कुणालाही न सांगता आतली स्प्रिंग बदलली होती. जगाला वाटत होतं चंडोल एक आहे. तो एक नव्हताच!

त्या दुपारी एक चांगला चालता संसार धोक्यात आला.

त्यानंतर चष्मेवाले सुट्टीच्या दिवशी भंगाराच्या बाजारात दिसू लागले. खिशात भिंग, हातात छोटा स्क्रू ड्रायव्हर. लोक जुनी घड्याळं शोधत, भांडी शोधत. हे एका डोळ्याला भिंग लावून निळ्या डब्याचे स्क्रू मोजत. हळूहळू त्यांना कळत गेलं, की चंडोलच्या पहिल्या खेपेत झाकणावरची अक्षरं उठावाची होती, पुढे नुसती छापलेली आली. एका खेपेत दोघांनी ऐकायला हेडफोनची दोन भोकं होती. पुढे कंपनीला वाटलं असावं की लोकांनी भांडून घेतलंय, आणि एकच भोक उरलं. आवाजाच्या चक्रीवर आधी आकडे होते, मग ठिपके झाले. बॅटरीच्या झाकणाच्या आत कधी पितळी पट्टी, कधी पत्र्याची. आणि झाकण मिटतानाचा आवाज! पहिल्या खेपेचं झाकण 'टक्' करायचं, नंतरचं 'टप्'. हा फरक चष्मेवाले पाहुण्यांना तोंडाने करून दाखवत. पाहुणे पुन्हा येत नसत.

या सगळ्या शास्त्राचं मूळ तत्त्व एकच होतं आणि ते चष्मेवाल्यांनी स्वतः मांडलं होतं. "जन्मखूण वेगळी आणि जखम वेगळी. कारखान्यातून येतानाच जो फरक घेऊन आला, ती आवृत्ती. नंतर पडला, आपटला, पोरानं चावला, ते त्याचं नशीब. नशिबाला आवृत्ती म्हणायचं नाही."

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. मागच्या खोलीत भिंतभर एक लाकडी कपाट, काचेच्या दाराचं. खरं तर ते लग्नात कपड्यांसाठी म्हणून घेतलेलं. त्यात आता वरपासून खालपर्यंत चंडोल बसले होते, सगळे निळे, सगळे पुढे तोंड करून, जणू वर्गाचा फोटो काढायचाय. आणि घरातल्या दोघा माणसांचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत होते.

त्यांच्या पत्नी इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीतल्या मुख्य परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी वस्ती त्यांना सिस्टरच म्हणायची, आणि मोठमोठे सर्जन अजून रस्त्यात त्यांना पाहिलं की हात मागे लपवायचे, धुतलेत का हे विचारतील म्हणून. सिस्टरना दोन गोष्टी मुळीच सहन होत नसत. एक म्हणजे धूळ. आणि दुसरी म्हणजे कोणी आपल्यासमोर काही चुकीचं बोललं आणि ते तसंच राहून गेलं. लग्नाच्या मांडवात फोटोग्राफरने "वधूचा डावा हात" म्हणताना उजवा धरला, तेव्हा नवरीने सगळा समारंभ थांबवून त्याला डावं-उजवं समजावलं होतं. चष्मेवाले तेव्हाच काय ते समजून गेले.

चंडोलांवर सिस्टरचं प्रेम होतं असं म्हणवत नाही. "ही तुमची निळी पोरं," असंच त्या म्हणत. पण दर आठवड्याला एकेकाला उचलून, मऊ फडक्याने पुसून, जागच्या जागी ठेवायच्या त्या त्याच. चष्मेवाले दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

सगळं असंच चाललं असतं. पण सिस्टरच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा गुडघा बदलला. आक्का एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या घरात. आता ते जमणार नव्हतं. सिस्टर एका रात्रीत ठरवून मोकळ्या झाल्या आणि जेवताना म्हणाल्या, "आक्का आपल्याकडे राहायला येतेय. कायमची. मागची खोली तिला. आणि कपाटही तिलाच लागेल. तिचे गरम कपडे, कोट, सगळं टांगायला हवं."

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. "आणि चंडोल?"

"दिसायला एकसारखी तर आहेत सगळी. दोन ठेवा नमुन्याला. बाकीची जाऊ देत."

"एकसारखी!" चष्मेवाले ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "अगं, एकसारखी? त्या कपाटात एकसारखे दोन चंडोल दाखव मला! एक जोडी दाखव! डोळे बांधून फरक सांगेन!"

"आणि नाही सांगता आला तर?"

"तर सगळं कपाट तुझं! रिकामं करून देईन. स्वतःच्या हाताने!"

वाक्य झकास पडलं. टाळी यायलाच हवी होती. त्याऐवजी सिस्टरनी शांतपणे त्यांची खुर्ची सरळ केली आणि म्हणाल्या, "बसा. सुट्टीच्या दिवशी बघू. आक्का आली की तिच्यासमोरच."

आणि बसता बसता चष्मेवाले अर्ध्यातच थबकले. कारण त्यांना ती जुळी आठवली.

खालच्या फळीच्या डाव्या टोकाला दोन चंडोल होते. एक त्यांनी कधीच घेतला होता. दुसरा मागाहून घेतला, फरक सापडेल या आशेवर. अक्षरं तीच, स्क्रू तेच, पट्टी तीच, झाकणाचं 'टप्' तेच. भिंग लावून लावून डोळ्याला वळ उठले, पण फरक म्हणून सापडला नाही. 'आज ना उद्या सापडेल' म्हणत त्यांनी दोघांना शेजारी शेजारी ठेवलं होतं. आणि आता तो उद्या उगवला होता.

सकाळी दुकानात त्यांचा जुना दोस्त वायरमन शिडीवर चढून दिव्याची पट्टी बदलत होता. त्याला सगळी हकिकत सांगितल्यावर तो वरूनच म्हणाला, "एवढंच? अरे, दे माझ्याकडे एक. स्क्रू ड्रायव्हरने पाठीवर हलकी रेघ मारतो. झाली की नवी आवृत्ती!"

"खाली उतर," चष्मेवाले म्हणाले.

"अजून पट्टी बसली नाही."

"तरी उतर. तू माझ्या दुकानात उंचावर असावास हे मला आत्ता नको आहे."

वायरमन उतरला. "चिडतोस काय? वहिनींना काय कळणार?"

"तिला नाही रे कळणार. मला कळेल. उभा जन्म लोकांना सांगत आलो, अंदाजाने बोलू नका म्हणून. आणि आता स्वतःच रेघ मारून खोटा फरक दाखवू?"

"मग काय करणार?"

"शोधणार."

त्यांनी शोधलं. पेशंट बाकावर डोळे मिटून बसलेले आणि चष्मेवाले काउंटरच्या मागे दोन चंडोल उघडून बसलेले, असं आठवडाभर चाललं. एका आजोबांना त्यांनी डोक्यात जुळीच असल्यामुळे लांबचा चष्मा वाचायचा म्हणून दिला. आजोबा दोन दिवसांनी आले आणि म्हणाले, "चंद्र फार छान दिसतो हो. पण सूनबाईचा निरोप वाचता येत नाही." फरक काही सापडला नाही.

आणि आक्का आल्या. घरात शिरताना त्यांच्या पुढे काठी होती, मागे गाठोडी, आणि मधे अखंड बोलणं. त्यांचा आवाज असा खणखणीत की गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा कुत्राही उठून बसला. त्यांना आरामखुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, आणि सगळा प्रकार ऐकताच त्यांचा गुडघाच बरा झाला.

"म्हणजे खटला आहे म्हणा की! मग न्यायाधीश मी. चष्मेवाले, मी नात्याकडे बघणार नाही हं. हरलात तर बिऱ्हाड उचलायचं."

"आक्का, कपाट रिकामं करायचंय. बिऱ्हाड नाही," सिस्टर म्हणाल्या.

"तेच ते. चालू करा!"

टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला होता. त्यावर सिस्टरनी चंडोल रांगेत मांडले होते, ऑपरेशनची हत्यारं मांडावीत तसे. वायरमन साक्षीदार म्हणून आला होता, म्हणजे चहासाठी. सिस्टरनी चष्मेवाल्यांचा चष्मा काढून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांभोवती बँडेजचे वेढे दिले. सवयीने जरा जास्तच दिले. शेवटी फक्त नाक, तोंड आणि कान उरले.

"घट्ट होतंय का?"

"डोक्यापर्यंत रक्त पोचत नाही."

"मग ठीक आहे. हे घ्या. उजव्या हातात हे, डाव्यात ते."

चष्मेवाल्यांनी दोन्ही तळवे तोलले. अंगठे झाकणांवरून फिरले. "उजवा पहिली खेप, उठावाची अक्षरं. डावा छापील."

आक्कांनी काठी आपटली. "पुढे!"

"हे घ्या."

टक्. टप्. "डावा आधीचा."

"पुढे!"

"याचं एक भोक, त्याची दोन. आणि यात कोणीतरी केसांचं तेल लागलेल्या बोटांनी बटणं दाबलीत. ती आवृत्ती नव्हे, तो इतिहास."

आता त्यांना रंग चढला. मान मागे टाकून, एक हात हवेत धरून ते बोलू लागले. चक्री फिरवून आकडे की ठिपके ते सांगितलं. झाकण उघडून नाकाशी धरलं आणि वासावरूनच पितळ ओळखलं. वायरमन चहा विसरला. सिस्टरनी ओठ आवळले आणि गुपचूप साबणाची डबी त्यांच्या हातात सरकवली.

"साबणाची डबी. बाहेरच्या न्हाणीघरातली," चष्मेवाले म्हणाले. "अगं, खेळ खेळतेस?"

सिस्टरनी आणखी एक वस्तू दिली. चष्मेवाल्यांनी ती चाचपली, जरा थबकले, पुन्हा चाचपली.

"हा चंडोल नव्हे. ही आक्कांची कवळी."

आरामखुर्चीतून खणखणीत ऐवजी पोकळ आवाज आला, "वलची की थालची?"

"वरची. आणि ही नवी आवृत्ती आहे. आधीची जरा सैल असणार, कारण ताव मारायला हिच्या कडा जाड केल्यात."

"थलंय! थलंय!" आक्का हर्षभरित झाल्या. कवळी परत तोंडात बसवून म्हणाल्या, "जुनी बोलता बोलता सटकायची. एकदा वराच्या ताटात पडली होती. धाकटे, हा माणूस कमालीचा आहे ग! इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"आक्का, तू न्यायाधीश आहेस."

"हो हो. पुढे!"

टेबलावरची एकेक जोडी संपत गेली. चष्मेवाले मात्र मनातल्या मनात मोजत होते. खालची फळी, उजवं टोक. मधली जागा. आणि मग सिस्टरनी दोन्ही तळव्यांवर एकदमच दोन डबे ठेवले आणि त्यांच्याच दुकानातल्या मऊ, गंभीर आवाजात विचारलं, "हे, की ते?"

वजनावरूनच चष्मेवाल्यांनी ओळखलं. आली जुळी.

अंगठे फिरले. झाकण उघडलं, मिटलं. टप्. टप्. बटणं बसली, दोन्ही आज्ञाधारक. चक्र्यांवर ठिपके. नाकाशी धरलं, दोघांनाही पितळ. वायरमन मुद्दाम मोठ्याने खोकला. त्या खोकल्याचा अर्थ स्पष्ट होता. 'अरे, ठोकून दे काहीतरी! उजवा आधीचा म्हण! कोण बघायला बसलंय?'

खरंच, कोण होतं? जगाच्या पाठीवर त्या वेळी चंडोलचं शास्त्र जाणणारा एकच माणूस त्या खोलीत होता, आणि त्याच्याच डोळ्यांवर पट्टी होती. तोंड उघडायचा अवकाश, सगळं कपाट वाचलं असतं. कुरकुरणारं ते पहिलं बटण, दोन भोकांचा, पावसात भिजून आणलेला ठिपक्यांचा, सगळे वाचले असते.

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"फरक सापडत नाही," ते म्हणाले. "दोन्ही सारखेच आहेत."

आक्कांची काठी वर गेली होती ती तशीच थांबली. त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण न्याय तो न्याय. काठी खाली आली. "कपाट धाकटीचं!"

वायरमनने टोपी काढली. चष्मेवाले बँडेजासकट उभे राहिले आणि कपाट ज्या दिशेला आहे असं वाटलं त्या दिशेला, म्हणजे खिडकीकडे, मान झुकवून म्हणाले, "पोरांनो, माफ करा."

आणि तेवढ्यात सिस्टर फाडकन म्हणाल्या, "सारखेच? काहीतरीच काय बोलताय!"

"अगं, सारखेच आहेत. मी हरलो."

"हरलात ते हरलात. म्हणून वाटेल ते बोलायचं? हे सारखे कुठून झाले? एकाला फडकं डावीकडे अडकतं, एकाला उजवीकडे."

चष्मेवाल्यांची झुकलेली मान आवाजाच्या दिशेला वळली.

"काय अडकतं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"फडकं! पुसताना! याच्या डाव्या बगलेला धागा धरतो आणि त्याच्या उजव्या. दर आठवड्याला मी दोघांना उलटं धरून पुसते. तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं काय बघत होतात?"

चष्मेवाले बँडेज सोडायला लागले. ते सुटेना. सिस्टरनी टोक धरलं, चष्मेवाले स्वतःभोवती गरगर फिरले, आणि शेवटचा वेढा सुटताच टेबलावर कोसळले. चष्मा! भिंग! दिवा! वायरमनने दिवा धरला. आक्का पाय स्टुलावरून काढून, काठी विसरून, कधी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"ओरखडा नसेल कशावरून?" वायरमनने शंका काढली.

"ओरखडा आत जातो. हा वर आलाय," भिंगाला डोळा चिकटवून चष्मेवाले कुजबुजले. "केसभर वर. आणि ही रेघ बघ, खालपासून वरपर्यंत सलग आहे. हा साच्याचा जोड! डब्याच्या दोन बाजू साच्यात जिथे जुळतात तिथली शिवण. याची डावीकडे, त्याची उजवीकडे. म्हणजे साचाच वेगळा! अगं, कंपनीकडे दोन साचे होते! जगात कोणाला माहीत नाही हे!"

"मला माहीत होतं," सिस्टर म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? मला वाटलं, एवढा भिंगवाला माणूस, एवढंही दिसत नसेल का? आणि बोटांना तरी कसं लागणार, काचा घासून घासून टोकं गुळगुळीत झालीत तुमची."

चष्मेवाले झाकण बघत, बटणं बघत, पोटातली पट्टी बघत. बगल कोणी बघितली नव्हती. बगल म्हणजे नुसता डबा. तिच्याकडे लक्ष होतं ते एका फडक्याचं. ते धावत गेले आणि सिस्टरचे दोन्ही हात धरून, आक्कांसमोर, वायरमनसमोर, त्या हातांकडे असे बघत राहिले की वायरमनने भिंतीवरच्या कॅलेंडरात लक्ष घातलं.

"सोडा. हात धुतलेत का?" सिस्टर म्हणाल्या. पण सोडवून घेतले नाहीत.

आक्कांच्या मात्र आता कुठे ध्यानात आलं. "अगं वेडाबाई! फरक निघाला म्हणजे ते जिंकले. कपाट गेलं ना तुझं! दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर?"

सिस्टरचा चेहरा पडला. मग त्यांनी खांदे उडवले. "गेलं तर गेलं. म्हणून काय चुकीचं ऐकून घ्यायचं?"

"नाही नाही," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. "मला फरक नाही सांगता आला. पैज मीच हरलोय. कपाट तिचं."

"जोडी सारखी नव्हती. पैज मी हरले. कपाट तुमचं."

"अगं, तुझं!"

"अहो, तुमचं म्हणते ना!"

"गप्प बसा दोघंही!" आक्का कडाडल्या. "न्यायाधीश कोण आहे? गाठोडी सोडा माझी."

गाठोडी सोडली. आक्कांचे कोट, स्वेटर, जाकिटं, झगे एकेक बाहेर आले. आक्कांनी एक थंडीचा कोट उचलला, त्याच्या खिशात पहिल्या खेपेचा चंडोल टाकला आणि वर थोपटलं.

"खिशात ठेवायचंच यंत्र आहे ना हे? मग ठेवा खिशात. मला खिसे भरपूर आहेत. त्यांत काही ठेवायला माणसं नव्हती, एवढंच."

शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या. आक्का काही हळू बोलल्याचं गल्लीला आठवणारं हे एकच वाक्य.

आता त्या कपाटात आक्कांचे कपडे टांगलेले आहेत आणि प्रत्येक खिशात एक निळं पोर झोपलेलं आहे. चष्मेवाल्यांनी खूप विचार करून वाटणी लावली. उठावाच्या अक्षरांचे लोकरीत, छापील सुतीत, दोन भोकांचा दोन खिशांच्या जाकिटात. आक्का कपडे बदलायला गेल्या की आतून ओरडतात, "चष्मेवाले, मला थंडी वाजतेय, पण कोटात ठिपकेवाला आहे. काय करू?" आणि चष्मेवाले हातातलं गिऱ्हाईक चौकटीसकट सोडून धावतात.

जुळ्यांची बातमी भंगाराच्या बाजारातल्या जाणकारांत पसरली. फरक बघायला येणारे चष्मेवाल्यांना नमस्कार करून सरळ स्वयंपाकघरात जातात आणि विचारतात, "सिस्टर, जरा फडकं फिरवता का?" सिस्टर आधी त्यांचे हात बघतात.

परवा आक्का गुडघ्याच्या व्यायामाला गेल्या, त्या नेमक्या जुळ्यांपैकी डाव्याला खिशात घेऊन. चष्मेवाले दारात येरझारा घालत होते. आक्का परतल्या त्या काठी फिरवतच.

"अहो, तिथल्या रखवालदाराकडेही आहे की असाच! मी म्हटलं, बघू. रुमालाने पुसून पाहिला."

"मग?" चष्मेवाले पायरी उतरून पुढे आले. "डावीकडे, की उजवीकडे?"

"दोन्हीकडे अडकतो."

चष्मेवाले चपला शोधायला वळले. पण त्यांच्या चपला पायात सरकेपर्यंत सिस्टर फडकं खांद्यावर टाकून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या, आणि तिथून ओरडून विचारत होत्या, "अहो, रखवालदाराचे हात धुतलेले असतील का?"